खासगी वंध्यत्व उपचारांचा खर्च : सांगितलेला दर आणि प्रत्यक्षात होणारे बिल

निशिगंध (धागाकर्ती)

वंध्यत्वावरील उपचारांची चर्चा सुरू झाली की वय, तपासण्या, औषधे आणि यशाचे प्रमाण यांवर सगळे मोकळेपणाने बोलतात. पैशाचा विषय मात्र संकोचाने, अगदी शेवटी निघतो आणि तोवर घरातली शिल्लक बरीच खाली गेलेली असते. आम्ही नवरा-बायको सध्या याच उपचारांतून जात आहोत. आमच्यासारखी अनेक जोडपी इथे वाचत असतील, म्हणून हा धागा फक्त खर्चासाठी काढते आहे. कोणत्याही रुग्णालयाचे वा डॉक्टरांचे नाव न घेता बोलावे, ही विनंती.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. श्रीमंत आणि गरीब देशांतील प्रमाणात फारसा फरक नाही. फरक आहे तो उपचार परवडण्यात. याच संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये वंध्यत्वावरची आपली पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा काही ठिकाणी आयव्हीएफच्या (शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचाराच्या) एकाच फेरीचा खर्च कुटुंबाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट होतो, असे स्पष्ट म्हटले होते.

माझे म्हणणे असे आहे की आपल्याला जो दर सांगितला जातो, तो साधारणपणे एका फेरीतल्या मधल्या टप्प्याचा असतो : स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेत फलन घडवणे आणि एक भ्रूण गर्भाशयात सोडणे. त्याआधीच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, बीजकोश उत्तेजित करणारी इंजेक्शने, भूलतज्ज्ञांचे शुल्क, इक्सी (एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणे), भ्रूण पाच दिवस वाढवणे, उरलेले भ्रूण गोठवणे, ते दरवर्षी सांभाळणे आणि पुढे गोठवलेला भ्रूण सोडण्याची वेगळी प्रक्रिया, यांतील काय त्या दरात आहे आणि काय नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. त्यामुळे दोन ठिकाणच्या दरांची तुलना करूनही काही हाती लागत नाही. इंजेक्शनांचा खर्च तर आधी कोणी नेमका सांगूच शकत नाही, कारण मात्रा शरीराच्या प्रतिसादावर ठरते. ज्या स्त्रीच्या बीजकोशात स्त्रीबीजांचा साठा कमी उरला आहे, तिला सहसा जास्त मात्रा दिली जाते. म्हणजे जिला यशाची शक्यता कमी, तिचेच बिल मोठे, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा पुनरावृत्तीचा आहे. ब्रिटनमधील १,५६,९४७ स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या फेरीत, म्हणजे एकदा काढलेल्या स्त्रीबीजांपासून मिळालेले ताजे आणि गोठवलेले सगळे भ्रूण धरून, बाळ होण्याचे प्रमाण २९.५ टक्के आढळले. सहा फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्यांसाठी एकत्रित अंदाज ६५.३ टक्क्यांपर्यंत पोहोचला. ज्यांच्या हाताशी एकाच फेरीचे पैसे आहेत, अशा दहांपैकी सुमारे सात जोडप्यांचे पैसे बाळ होण्याआधी संपणार, असा याचा सरळ अर्थ निघतो. ही गोष्ट पहिल्याच भेटीत, दरपत्रकाबरोबर, शांतपणे समजावून सांगितली गेली पाहिजे. ती सांगितली जात नाही, म्हणून जोडपी एका फेरीचे नियोजन करतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीला कर्ज, दागिने किंवा आईवडिलांची पुंजी यांच्याकडे वळतात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या खर्चातील अटळ भाग किती आणि टाळता येण्यासारखा किती? आणि पहिला पैसा भरण्याआधी रुग्णाने नेमके काय विचारावे?

जमाखर्च

धागा आवश्यक होता. माझे काम हिशेब तपासण्याचे आहे आणि जवळच्या नात्यातील एका जोडप्याची या उपचारांची सर्व बिले मी लावून दिली आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो.

तोंडी सांगितलेल्या दरावर कधीही निर्णय घेऊ नये. लेखी अंदाजपत्रक मागावे आणि त्यात तीन आकडे वेगवेगळे मागावेत : सर्व काही सुरळीत झाले तर होणारा खर्च, फेरी मध्येच थांबवावी लागली तर होणारा खर्च, आणि भ्रूण गोठवून नंतर सोडायचे ठरले तर होणारा एकूण खर्च. मधला आकडा सहसा कोणी विचारत नाही. बीजकोशांचा प्रतिसाद अपुरा आला, किंवा स्त्रीबीजे मिळाली पण फलन झाले नाही, तर भरलेल्या रकमेतील किती परत मिळते याचे उत्तर आधी लेखी घेतले नसेल, तर नंतर ते मागण्याची ताकद त्या मनःस्थितीत कोणाकडेच नसते. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०२१ मध्ये या क्षेत्रातील दवाखान्यांसाठी ग्राहक कायद्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. उपचाराची किंमत सांगताना रुग्णाला खरोखर लागणाऱ्या बाबी धरून ती सांगावी, हा त्याच्या गाभ्याचा भाग होता. एका देशाच्या नियामकाला हे वेगळे सांगावे लागले, यावरून अडचण किती रुजलेली आहे हे दिसते.

अनेक फेऱ्यांचे पॅकेज आणि ‘बाळ झाले नाही तर पैसे परत’ अशा योजना यांविषयीही सावध राहावे, असे मी म्हणेन. अशा योजनेत दोन किंवा तीन फेऱ्यांचे पैसे एकदम घेतले जातात. पहिल्याच फेरीत यश आले तर उरलेल्या फेऱ्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. परताव्याच्या योजनेत प्रवेश देताना वय, स्त्रीबीजांचा साठा आणि वजन यांच्या अटी असतात, म्हणजे यशाची शक्यता बरी असलेल्यांनाच ती मिळते आणि त्यांच्यातील बऱ्याच जणांना कदाचित एकच फेरी पुरली असती. परताव्यात औषधे आणि तपासण्या धरलेल्या आहेत की नाहीत, मधेच थांबायचे ठरवल्यास काय होते, आणि नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला तर काय, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नये. या योजना सर्वांसाठी वाईटच असतात असे माझे म्हणणे नाही. काहींना एक ठरलेली रक्कम भरून निश्चिंत होणे मोलाचे वाटते आणि ते मी समजू शकतो. मात्र ती निश्चिंतता विकत घेतलेली असते आणि तिची किंमत किती, हे कागदावर मांडून पाहावे.

सप्तपर्णी

निशिगंध, तुमचा प्रत्येक शब्द माझ्या अनुभवाशी जुळतो. आम्ही खर्चाचा अंदाज बांधला होता तो मूळ उपचाराचा. आमचे गणित विस्कटले ते त्यावर रचल्या गेलेल्या जादा गोष्टींमुळे, ज्यांना तिथे ‘ॲड-ऑन’ म्हणत.

पहिली फेरी अयशस्वी झाल्यानंतरच्या भेटीत आमच्यापुढे एक छापील यादी ठेवली गेली. गर्भाशयाच्या अस्तराला हलका ओरखडा काढणे, भ्रूण चिकटावा म्हणून वापरायचे विशेष द्रव, भ्रूणाची गुणसूत्र तपासणी, अस्तराची ‘योग्य वेळ’ शोधणारी तपासणी, प्रतिकारशक्तीवरची औषधे, अशी ती यादी होती. प्रत्येकापुढे दर होता. त्यातील कशाचा किती उपयोग होतो, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. ‘मागच्या वेळी हे केले नव्हते, या वेळी करून पाहू’ असे सांगितले गेले. त्या क्षणी नाही म्हणणे म्हणजे आपल्याच बाळासाठी हात आखडता घेणे, असे वाटते. मला ही विक्रीची सर्वांत क्रूर पद्धत वाटते, कारण समोरच्याचे दुःख ताजे असताना ती वापरली जाते.

नंतर मी वाचन केले. अस्तराला ओरखडा काढण्याविषयी १,३६४ स्त्रियांचा सहभाग असलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचे प्रमाण २६.१ टक्के, म्हणजे तंतोतंत सारखे निघाले. ही माहिती जगापुढे आलेली असतानाही ती प्रक्रिया आमच्या यादीत होती आणि ती वेदनादायक असते, हे वेगळेच. ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए अशा जादा उपचारांना पुराव्याच्या बळानुसार रंग देते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. आपण कुठल्याही देशात उपचार घेत असलो, तरी दवाखान्यात जाण्यापूर्वी ती वाचावी, असे मी आग्रहाने सांगते.

काचपात्र

मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून प्रयोगशाळेत काम करतो. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. माझे उत्तर दोन भागांत आहे आणि ते दोन्ही भाग एकमेकांच्या विरुद्ध वाटण्याचा संभव आहे.

पहिला भाग असा की चांगली प्रयोगशाळा खरोखरच महाग असते. भ्रूण शरीराबाहेर असताना तापमान, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, ऑक्सिजनचे प्रमाण आणि आम्लता यांत थोडाही फरक पडून चालत नाही. त्यासाठी इन्क्युबेटर, गाळलेली हवा, दिवसरात्र चालू राहणारी आणि बिघाड होताच कोणाला तरी झोपेतून उठवणारी धोक्याची सूचना यंत्रणा, द्रव नायट्रोजनचा अखंड पुरवठा आणि खंडित न होणारी वीज लागते. भ्रूण वाढवण्याचे द्रव थोड्या काळासाठीच टिकते आणि रुग्णसंख्या कमी असेल तर त्यातील बरेच वाया जाते. नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या व्यक्तीने साक्ष द्यावी लागते, म्हणजे कुशल माणसेही दुप्पट लागतात. लहान केंद्रात हा सारा स्थिर खर्च थोड्या रुग्णांवर विभागला जातो, म्हणून तिथले दर कमी करणे कठीण जाते. या भागात काटकसर केली तर तिचा फटका भ्रूणांना बसतो. अतिशय स्वस्त दर दिसला तर तो कशामुळे शक्य होतो, हे जरूर विचारावे.

दुसरा भाग असा की या अटळ खर्चावर जो डोलारा उभा केला जातो, त्यातील मोठा हिस्सा बहुतेक रुग्णांना अनावश्यक असतो. इक्सीचे उदाहरण घ्या. एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या या पद्धतीने राहिलेल्या पहिल्या गर्भधारणांची नोंद १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथून प्रसिद्ध झाली आणि ज्या पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल फारच कमी असते, त्यांच्यासाठी ती वरदान ठरली. पण शुक्राणू तपासणी व्यवस्थित असलेल्या जोडप्यांतही ती सरसकट वापरली जाऊ लागली आणि तिचे वेगळे शुल्क लागू लागले. व्हिएतनाममध्ये १,०६४ जोडप्यांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा जोडप्यांत साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने बाळ होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

भ्रूणाची सतत छायाचित्रे घेणाऱ्या टाइम-लॅप्स इन्क्युबेटरचेही तसेच आहे. माझ्यासाठी ते उत्तम साधन आहे, कारण भ्रूण बाहेर न काढता मला त्याची वाढ पाहता येते. परंतु दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या सहभागाने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे बाळ होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. माझी सोय झाली म्हणून रुग्णाने वेगळे पैसे भरावेत, हे मला पटत नाही.

गुणसूत्र तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, हा सर्वांत खर्चीक ॲड-ऑन आहे, कारण तिच्यात प्रत्येक भ्रूणामागे आकारणी होऊ शकते, पेशी काढण्याचे शुल्क वेगळे असते आणि निकाल येईपर्यंत भ्रूण गोठवावे लागतात, म्हणजे गोठवणे आणि पुन्हा सोडणे हा खर्चही आपोआप वाढतो. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. या स्त्रियांचे वय ३८ च्या आत होते आणि यशाची शक्यता चांगली होती. एकत्रित बाळ होण्याचे प्रमाण तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के आढळले. तपासणीच्या गटात गर्भपात मात्र काहीसे कमी झाले. हे समजून घेणे अवघड नाही. तपासणी भ्रूण सुधारत नाही, हाती असलेल्या भ्रूणांतून निवड करण्यास ती मदत करते. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा वय जास्त असलेल्या रुग्णांनी तिच्याविषयी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. आईवडिलांपैकी एकाच्या गुणसूत्रांत ज्ञात दोष असेल तर करावयाची तपासणी वेगळी असते आणि तिला ठोस कारण असते. तिची आणि हिची गल्लत करू नये.

औषधांविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. बीजकोश उत्तेजित करण्यासाठी जनुकीय तंत्राने बनवलेली महागडी इंजेक्शने आणि मूत्रापासून शुद्ध करून बनवलेली, अनेक ठिकाणी स्वस्त पडणारी इंजेक्शने यांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०११ मध्ये घेतला होता. बाळ होण्याच्या प्रमाणात त्यांना महत्त्वाचा फरक आढळला नाही. ‘मला स्वस्त पर्याय चालेल का?’ हा प्रश्न विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

रानवाट

माहितीबद्दल आभार. माझा प्रश्न थोडा कठोर वाटेल, पण तो मनापासून विचारतो आहे. अशा धाग्यांचा शेवट नेहमी ‘सरकारने हे मोफत करावे’ या मागणीत होतो. कर्करोग, डायलिसिस, माता-मृत्यू यांवर पैसा अपुरा पडत असताना, ज्या अवस्थेमुळे जीव जात नाही, तिच्यावर सार्वजनिक पैसा का खर्च करावा?

निशिगंध

रानवाट, प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला टाळणार नाही.

हे उपचार खासगी क्षेत्रात वाढले, त्यामागे कोणताही विचारपूर्वक घेतलेला निर्णय नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. आयव्हीएफ विकसित करणाऱ्या रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या संशोधनाला ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये अनुदान नाकारले. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राउन या जगातील पहिल्या आयव्हीएफ बाळाचा जन्म झाल्यानंतरही त्यांना सार्वजनिक व्यवस्थेत पुरेसा आधार मिळाला नाही आणि १९८० मध्ये त्यांनी बॉर्न हॉल हे खासगी केंद्र उभारले. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तोपर्यंत जगातील मोठ्या भागात हा उपचार पैसे असणाऱ्यांचाच होऊन बसला होता.

सार्वजनिक खर्चाविषयी मला बेल्जियमचे उदाहरण बोलके वाटते. तिथे जुलै २००३ पासून ४३ वर्षांखालील स्त्रियांना सहा फेऱ्यांपर्यंत प्रयोगशाळेचा खर्च मिळू लागला. त्या बदल्यात अट अशी होती की एका वेळी किती भ्रूण सोडायचे यावर मर्यादा राहील, आणि ३६ वर्षांखालील स्त्रीच्या पहिल्या फेरीत एकच. याचा विचार करा. जेव्हा रुग्ण स्वतःच्या खिशातून पैसे भरतो आणि दुसरी संधी परवडणार नाही हे त्याला माहीत असते, तेव्हा तो दोन-तीन भ्रूण सोडण्याचा आग्रह धरतो. त्यातून जुळी-तिळी, अपुऱ्या दिवसांची बाळे, नवजात अतिदक्षता विभागातील मुक्काम आणि आईच्या जिवाला धोका वाढतो. तो खर्च शेवटी सार्वजनिक व्यवस्थेवरच येतो. बेल्जियममध्ये या धोरणानंतर आयव्हीएफमधील बहुगर्भधारणेचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे माता आणि बाळांच्या ज्या आरोग्याची तुम्हाला काळजी वाटते, त्याचाच हा भाग आहे.

उलट उदाहरण जर्मनीचे आहे. तिथे २००४ पासून सार्वजनिक विम्याने चारऐवजी तीन फेऱ्या आणि पूर्ण खर्चाऐवजी निम्मा खर्च देण्याचे ठरवले. त्याबरोबर एका वर्षात उपचार घेणाऱ्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणावर घसरली. त्या वर्षात जर्मनीतील वंध्यत्व काही कमी झाले नव्हते. जपानने एप्रिल २०२२ पासून हे उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात आणले, तेही वय आणि भ्रूण सोडण्याच्या संख्येची मर्यादा घालून. इस्रायल तर ४५ वर्षांपर्यंत, दोन मुले होईपर्यंत खर्च देतो. तेव्हा प्रत्येक देशाने आपल्या ऐपतीप्रमाणे मर्यादा घालावी, हे मला मान्य आहे. शून्य ही मर्यादा मात्र मला मान्य नाही. गुडघा बदलल्यानेही जीव वाचत नाही, तरी चालता न येणाऱ्या माणसाला आपण ते नाकारत नाही.

रानवाट

बहुगर्भधारणेचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता आणि तो मला पटला. तरीही धोरण नुसते कागदावर असून भागत नाही, हे नोंदवतो. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०१३ मध्ये ४० वर्षांखालील पात्र स्त्रियांना तीन पूर्ण फेऱ्या द्याव्यात, अशी शिफारस केली. पैसे कुठे खर्च करायचे हे स्थानिक मंडळांच्या हाती असल्याने अनेक भागांत एकच फेरी मिळते. स्कॉटलंडमध्ये मात्र पात्र जोडप्यांना तीन मिळतात. राहण्याचा पत्ता बदलला की बाळ होण्याची शक्यता बदलते, हा सार्वजनिक व्यवस्थेतील अन्यायही खासगी दरांइतकाच बोचणारा आहे.

ध्रुवमत्स्य

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरील चर्चा आयव्हीएफभोवतीच फिरते आहे, आणि मला खर्चाचे मूळ काही वेळा तिथेच दिसते : बरीच जोडपी गरज नसताना किंवा गरजेपूर्वी तिथवर पोहोचतात.

शुक्राणू तपासणी ही सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी तपासण्यांपैकी एक आहे. तरीही स्त्रीच्या महागड्या तपासण्या आणि दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया उरकल्यानंतर ती केल्याची प्रकरणे माझ्याकडे येतात. पुरुषाची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हावी, याबद्दल मी तडजोड करत नाही. पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या बिघाडाशी निगडित बीजकोशांच्या विकारामुळे) स्त्रीबीज वेळेवर सुटत नसेल, तर लेट्रोझोलच्या गोळ्या हा पहिला उपचार आहे. ७५० स्त्रियांच्या २०१४ मधील चाचणीत त्या गोळ्यांनी २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झाले, तर जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे तपासताना तेलयुक्त द्रव वापरल्यास पुढील सहा महिन्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण पाण्यात विरघळणाऱ्या द्रवापेक्षा अधिक आढळले, असे नेदरलँड्समधील १,१०० हून अधिक स्त्रियांच्या २०१७ मधील चाचणीने दाखवले. कारण सापडत नसेल, वय कमी असेल आणि प्रयत्न सुरू होऊन फार काळ झालेला नसेल, तर काही महिने थांबणे हा सुद्धा वैद्यकीय निर्णय असतो.

तथापि हे वाचून कोणी पस्तिशी ओलांडल्यावर वाट पाहत बसू नये. स्त्रीबीजांचा दर्जा वयानुसार घसरतो आणि दोन वर्षे वाचवलेले पैसे नंतरच्या दोन जादा फेऱ्यांत निघून जातात. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्राणू अत्यल्प असतील, तर आययूआयच्या (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या) फेऱ्या करत राहणे हाच अपव्यय ठरतो. नेमके कारण आणि वय यांवरून मार्ग ठरवावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्या सल्ल्याला पुरेसा वेळ देणारा डॉक्टर शोधणे ही माझ्या मते रुग्णाची सर्वांत मोठी बचत आहे.

सप्तपर्णी

ध्रुवमत्स्य, उत्तम लिहिले आहे. खर्च कमी करण्याच्या एका मार्गाविषयी मात्र माझ्या मनात अस्वस्थता आहे आणि इथे कोणी तरी तो सुचवील, म्हणून आधीच लिहिते. काही देशांत स्त्रीने आपली अर्धी स्त्रीबीजे दुसऱ्या रुग्णाला दिली, तर तिचा उपचार सवलतीत होतो. दोघींचाही फायदा होतो, असे सांगितले जाते आणि काहींनी तो निर्णय समजून-उमजून, आनंदाने घेतलेलाही असेल. पण जिच्याकडे पैसे असते तर जिने हे केले नसते, तिची संमती कितपत मोकळी म्हणायची? आपल्याला मूल झाले नाही आणि आपल्या स्त्रीबीजापासून दुसरीकडे झाले, ही शक्यता पैशाच्या चणचणीत असताना कोणाला नीट तोलता येईल, असे मला वाटत नाही. दान मोकळ्या मनाने व्हावे, बिल भागवण्यासाठी नको.

जमाखर्च

पूर्ण सहमत.

काचपात्र, एक विचारायचे होते. बेकिंग सोडा वापरून प्रयोगशाळेचा खर्च कमी करण्याविषयी मी कुठे तरी वाचले होते. त्यात तथ्य आहे काय?

काचपात्र

होय, आणि तो आमच्या क्षेत्रातील मला सर्वाधिक आदर वाटणाऱ्या प्रयत्नांपैकी एक आहे. बेल्जियममधील गेंक येथील विलेम ओम्बेले आणि अमेरिकेतील जोनाथन व्हॅन ब्लेरकॉम यांनी एक पद्धत विकसित केली. तिच्यात सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या अभिक्रियेतून हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बंद नळीत जातो आणि त्याच नळीत फलन व भ्रूणाची सुरुवातीची वाढ होते. त्यामुळे वायूची टाकी जोडलेला महागडा इन्क्युबेटर लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत निवडक रुग्णांमध्ये या नळीतील भ्रूणांचा दर्जा नेहमीच्या प्रयोगशाळेच्या तोडीचा दिसला आणि या पद्धतीने निरोगी बाळे जन्मली. शुक्राणू फारच कमी असतील तर ही साधी पद्धत चालत नाही, कारण तिथे इक्सी लागते.

यासोबत कमी मात्रेच्या औषधांचाही विचार व्हावा. लुईस ब्राउनचा जन्म ज्या फेरीतून झाला, तिच्यात उत्तेजक इंजेक्शने वापरलेलीच नव्हती, नैसर्गिकरीत्या तयार झालेले एकच स्त्रीबीज काढले होते. कमी मात्रेत स्त्रीबीजे कमी मिळतात आणि एका फेरीतील यशाची शक्यताही घटू शकते, हे रुग्णाला सांगावे लागते. तरीही ज्यांना नेहमीची फेरी कधीच परवडणार नाही, त्यांच्यासाठी तुलना काहीच उपचार न मिळण्याशी करावी लागते. या दिशेने पुरेसे काम होत नाही याचे कारण मला उघड वाटते : नवे महाग यंत्र विकणाऱ्याकडे प्रचाराला पैसा असतो, सोडा आणि सायट्रिक आम्ल विकून कोणाला फारसे काही मिळत नाही.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या भेटीसाठी मी या धाग्यावरून माझे प्रश्न उतरवून घेतले आहेत. आमच्या वयोगटात आणि आमच्या कारणासाठी आपल्याकडे दर फेरीमागे किती बाळे जन्मली (नुसती गर्भचाचणी किती जणींची सकारात्मक आली, ते नको)? फेरी मध्येच थांबली तर काय परत मिळेल? इक्सी आमच्यासाठी का? प्रत्येक जादा उपचारामागे कोणती चाचणी आहे? औषधे बाहेरून आणलेली चालतील का? आणि किती फेऱ्यांनंतर आपण स्वतःहून आम्हाला थांबायला सांगाल? शेवटचा प्रश्न माझ्या नवऱ्याने सुचवला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सप्तपर्णी

यात गोठवलेल्या भ्रूणांविषयीचा प्रश्न जोडा. आमचे भ्रूण अजून साठवणीत आहेत आणि त्यांच्या वार्षिक शुल्काची मागणी आली की आम्हा दोघांनाही काही दिवस काही सुचत नाही. काचपात्र, शुल्क भरायचे राहिले तर काय होते, हे आम्हाला कोणी स्पष्ट सांगितलेले नाही.

काचपात्र

सप्तपर्णी, गोठवण्याच्या वेळी तुम्ही दोघांनी संमतीपत्रावर सह्या केल्या असतील. त्याची प्रत मागून घ्या, तो तुमचा अधिकार आहे. साठवणुकीची मुदत, शुल्क वाढवण्याची पद्धत, संपर्क न झाल्यास किंवा शुल्क थकल्यास केंद्र किती काळ थांबेल, आणि जोडीदारांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा दोघे विभक्त झाले तर काय करावे, हे सहसा तिथे लिहिलेले असते. पत्ता, फोन किंवा ईमेल बदलला असेल तर तो लेखी कळवून पोच घ्या. सूचना जुन्या पत्त्यावर जात राहते आणि रुग्णाला काहीच कळत नाही, असे घडते. अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरल्यास सवलत देणारी केंद्रे असतात, तसेच भ्रूण दुसऱ्या केंद्रात हलवताही येतात, पण वाहतुकीचा खर्च आणि दोन्ही केंद्रांची कागदपत्रे आधी विचारून घ्यावीत. निर्णय घ्यायला वेळ हवा असेल तर तसे लेखी कळवून मुदत मागा. माझ्या अनुभवात, लेखी उत्तर आलेले असेल तर कोणतीही जबाबदार प्रयोगशाळा घाई करत नाही.